चाच्याच्या तलवारीची तपासणी

मिशन वस्ती, ता. श्रीरामपूर
२७ जानेवारी २०२५

प्रिय इमॅन्युएल,

प्रभूच्या नावात सलाम.

कानिफनाथच्या टेम्पोतून या पत्राबरोबर गोणपाटात गुंडाळलेली एक तलवार पाठवत आहे. गोणपाट सोडताना घाम फुटू देऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तलवार शोभेची आहे. आपल्या मंडळाने ती ऑनलाइन मागवली. अठराशे नव्व्याण्णव रुपये, घरपोच. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्री चाच्याची हुबेहूब तलवार. हुबेहूब कोणासारखी हे ठरवणार कोण? आपल्या वस्तीत चाचा पाहिलेला माणूस नाही आणि समुद्र पाहिलेली माणसं चार. माझ्या वडिलांनी ‘गलबतावरची दया’ हे नाटक लिहिलं तेव्हा त्यांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. तरी एकोणसाठ वर्षं ते चर्चच्या वर्धापनदिनी होतं आहे आणि एकोणसाठ वर्षं बायका शेवटच्या प्रवेशाला पदर तोंडात धरतात.

जुनी लाकडी तलवार उंदरांनी कुरतडली. मी ती बंबात घातली. तिच्यावर चांदीचा कागद चिकटवून चिकटवून ती तलवारीपेक्षा मिठाईच्या बर्फीसारखी दिसू लागली होती.

तू सुप्याच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसतोस. दिवसभर पत्र्याचे तुकडे मोजतोस आणि नापास करतोस. नववीत शाळेने तुला नापास केलं, त्याचा सूड तू सगळ्या महाराष्ट्राच्या पत्र्यावर उगवतो आहेस, असं मी तुझ्या आईला म्हणालो तर तिला राग आला. असो. तर ही तलवार दिसायला कशी आहे आणि हातात कशी चालते, एवढं तपासून लेखी कळव. तोंडी नको. मंडळाला कागद लागतो, आणि तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे तुझं बोलणं म्हशीसुद्धा ऐकतात.

चाचा अर्थातच तुझे वडील. अब्राहामच्या घराण्याशिवाय चाचा नाही आणि छगनच्या घराण्याशिवाय कप्तान नाही. छगनच्या आजोबांनी पहिल्या वर्षी गलबतासाठी दोन बैलगाड्या दिल्या त्या एकाच अटीवर, की कप्तान मी होणार. हिंदू माणूस, चर्चच्या नाटकात, आणि तोही कप्तान. माझ्या वडिलांना गाड्या हव्या होत्या. तेव्हापासून ते चालत आलं आहे.

नाटक २३ फेब्रुवारीला, दुपारी चारला. अहवाल लवकर पाठव.

तुझा मामा,
बेंजामिन


सुपा
३० जानेवारी २०२५

आदरणीय मामा,

सलाम. तलवार मिळाली. अहवाल लिहीत आहे.

प्रथम दिसण्याबद्दल. लांबून ती तलवार वाटते. सहा फुटांच्या आत आल्यावर वाटत नाही. मुठीवर बोटं झाकण्यासाठी पितळी रंगाची वाटी आहे. ती पितळेची नाही, हलक्या पत्र्याची आहे आणि तिचा सोनेरी रंग अर्धा तास धरल्यावर तळहाताला लागतो. दोनदा साबण लावूनही तो गेला नाही. वाटीवर कवटी उठवली आहे. कवटीला नाक आहे. कवटीला नाक नसतं, तिथे भोक असतं. ज्याने हा साचा केला त्याने कवटी पाहिलेली नाही, आणि आरशात पाहून काम भागवलं आहे. खालच्या दातांची ओळ एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला पाच अशी आहे.

पात्याला बाक आहे, पण एका डोळ्याने पाठीवरून पाहिलं तर पातं नागासारखं दोन ठिकाणी वळतं. आमच्याकडे असा माल आला तर सुपरवायझर तो हातात घेत नाहीत, बुटाने बाजूला सारतात. म्यान कातड्याचं म्हणून विकलं आहे. ते शाळेच्या दप्तराच्या रेक्झिनचं आहे आणि त्याचा वास नव्या चपलेसारखा येतो.

आता हाताळणीबद्दल. वजन एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. एकूण लांबी एकाहत्तर सेंटिमीटर. बोटावर आडवी ठेवून तोल पाहिला. तो मुठीपासून वीतभर पुढे आहे, म्हणजे टोक फार जड. वीस वेळा फिरवली की मनगट दुखू लागतं. उगारणं सोपं आहे, थांबवणं अवघड आहे. मी खोलीच्या गच्चीवर फिरवून पाहत होतो. घरमालकीण राहीबाई खालून म्हणाल्या, “आरं, ह्याच्यानं भोपळा तरी चिरंल का?”

मूठ हलवली की आत खडखडते. मागचं नट सोडून पाहिलं. पातं मुठीत शिरतच नाही. ते वाटीपाशी संपतं आणि पुढे काडीएवढी सळई जोडलेली आहे, जोड कच्चा. जोराने फिरवली तर मूठ चाच्याच्या हातात आणि पातं प्रेक्षकांत, असं होऊ शकतं.

धारेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझा शेरा: नापास. ही तलवार नाटकात वापरू नये.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्याकडे येण्याआधी ती कोणाकोणाच्या हातात होती? आणि आमचे पप्पा व छगनकाका आता एकमेकांशी बोलतात का?

आपला,
इमॅन्युएल


मिशन वस्ती
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय इमॅन्युएल,

सलाम. तुझा अहवाल मंडळाच्या बैठकीत मी मोठ्याने वाचून दाखवला. इतकं हसणं आमच्या बैठकीत पूर्वी झालं नव्हतं. ‘कवटीला नाक आहे’ या वाक्यावर रविराज म्हणाला, “मग इमॅन्युएलला विचारा, चाच्याला शेंबूड येतो का.” तो आमचा चिटणीस आहे. तलवार त्यानेच मागवली, त्यामुळे तो बाजू घेणारच, पण हसले सगळे.

बाळा, लोक तीस फुटांवर सतरंजीवर बसतात. त्यांतल्या निम्म्यांना मोतीबिंदू आहे. त्यांना गलबत म्हणून उसाच्या दोन ट्रॉल्या चालतात, शीड म्हणून कांद्यावरची ताडपत्री चालते, कप्तानाच्या अंगात बँडवाल्याचा कोट चालतो. मग तलवारीनेच काय पाप केलं? सात दात आणि पाच दात. दात मोजायला तुला कोणी सांगितलं होतं? तू माणूस नाहीस, तू पट्टी आहेस.

नट घट्ट कर, हवं तर आत फेविक्विक ओत, आणि १५ तारखेच्या आत तलवार परत पाठव. नापास हा शेरा मंडळाने नापास केला आहे.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. तलवार आल्या दिवसापासून आठ दिवस फक्त तुझ्या वडिलांकडे होती. गोठ्यात सराव करायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हते. त्यांनीच म्हटलं, पोराकडं पाठवा, त्याला कळतं. मला वाटलं तुला हे वाचून बरं वाटेल.

दुसरं. नाही, बोलत नाहीत. नोव्हेंबरात पाटाच्या चारीवर पाण्याच्या पाळीवरून जे झालं तेव्हापासून एक शब्द नाही. तालमीला दोघे वेळेवर येतात, नाटकातली वाक्यं एकमेकांना म्हणतात, आणि नाटक संपलं की दोन दिशांना तोंडं. परवा छगनला विडी पेटवायची होती, काडेपेटी तुझ्या वडिलांच्या हातात. छगनने मला सांगितलं, “मास्तर, चाच्याला म्हणावं काडी दे.” मी कारकून होतो, मास्तर कधीच नव्हतो, पण तेही त्याला सांगावंसं वाटलं नाही.

पण हे तू का विचारतोस?

बेंजामिन मामा


सुपा
७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

हे पत्र मंडळात वाचू नका. वाचून झालं की जाळा.

पहिल्या अहवालात मी खोटं लिहिलं. धारेबद्दल लिहिण्यासारखं होतं. मी लिहिलं नाही.

ही तलवार कारखान्यातून बोथट येते. तिची कड जवळजवळ दोन मिलिमीटर जाड आहे. बोट जोरात ओढलं तरी काही होत नाही. पण टोकापासून मागे मोजल्यावर एक वीत अंतर सोडून, त्यामागच्या चौदा सेंटिमीटरांत कडेला जाडी नाही. मी तीन वेळा व्हर्निअर लावून पाहिला. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि त्यावर ती नुसती टेकवली, कागद दोन झाला. हे मशिनचं काम नाही. मशिनचे ओरखडे पात्याच्या लांबीने सरळ जातात. हे तिरपे आहेत, एकाच बाजूने, सगळे एका दिशेने, एकसारख्या अंतरावर. कानस रोज हातात धरणाऱ्या माणसाने शांतपणे बसून केलेलं काम आहे.

तलवार आठ दिवस फक्त पप्पांकडे होती, हे तुम्हीच लिहिलं आहे.

चौदा सेंटिमीटरचा तोच भाग शेवटच्या प्रवेशात कप्तानाच्या मानेवर येतो. चाचा उगारतो, खाली आणतो, मानेपाशी थांबवतो, मग त्याला दया येते. थांबवलं नाही तर काय, याचा विचार तुमच्या वडिलांनी नाटकात केलेला नाही.

नोव्हेंबरात चारीवर मी होतो. सुट्टीला आलो होतो. आमची पाळी असताना छगनकाकांनी दारं फिरवून पाणी आपल्या शेताकडे वळवलं, आमच्या गव्हाला पाणी अर्धंच बसलं. पप्पा ओरडले नाहीत. चौदा माणसांसमोर, विळ्याने गवत कापताना बोलतात तसं सावकाश म्हणाले, “छगन्या, एक दिवस तुझी मान उतरवतो.” ओरडणारा माणूस विसरतो. ते ओरडले असते तर आज मी हे पत्र लिहिलं नसतं.

मामा, मला त्यांची लाज वाटते. पहिल्या बाकावर बसतात, दान गोळा करायची थैली फिरवतात, आणि पाण्याच्या एका पाळीसाठी हे. बरं, माणूस इतका उतरला तर त्याला निदान वेगळी वेळ शोधता आली असती. देवाच्या घराच्या वाढदिवशी, सगळ्या वस्तीसमोर, नाटकाच्या आडून. म्हणजे नंतर म्हणता यावं, हात घसरला, तलवारच वाईट होती, माझ्या पोरानेच नापास केली होती. मला तपासायला का पाठवली, ते आता कळतं. मला कळतं म्हणून नाही. माझा कागद त्यांना हवा होता.

त्यांच्याकडून चाच्याचं काम काढून घ्या. रविराजला द्या. काहीही कारण सांगा. आईला कळू देऊ नका.

इमॅन्युएल


मिशन वस्ती
११ फेब्रुवारी २०२५

इमॅन्युएल,

तुझं पत्र जाळलं नाही. चार वेळा वाचलं आणि बायबलच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं.

आधी माझं उत्तर असं होतं, की हा भित्र्या पोराच्या डोक्यातला भुंगा आहे. तू सात वर्षांचा असताना विहिरीत पडशील म्हणून विहीर असलेल्या शेतात जात नव्हतास. ते मी लिहिलंही, आणि फाडलं. कारण काल तालमीला मी तुझ्या वडिलांचे हात पाहत बसलो. तीस वर्षं हा माणूस माझा मेहुणा आहे आणि काल मला त्याचे हात आवडले नाहीत. हे तुझ्या पत्राचं कर्तृत्व. तू माझ्या डोळ्यांत वाळू टाकलीस, आता मला वाळूच दिसते.

चाच्याचं काम काढता येणार नाही. कारण काय सांगू? आजारी म्हणू तर तो माझ्यासमोर पोतं उचलून दाखवेल. खरं सांगू तर चर्चची वस्ती आणि छगनची भावकी एकमेकांसमोर उभी राहील आणि मग तलवार खोटी की खरी हे कोणी विचारणार नाही. रविराज चाचा झाला तर लोक दगड मारतील. त्याचा आवाज शेळीसारखा आहे.

तू एक कर. ग्राइंडरवर ती धार उतरव, दगडासारखी बोथट कर, आणि पाठव. त्याच्या हातात तलवार गेली की तो गप्प, मी गप्प, तू गप्प. वर्धापनदिन होऊ दे.

बापाबद्दल जे लिहिलंस ते पुन्हा कागदावर लिहू नकोस. ते खरं असलं तरी नको.

बेंजामिन


सुपा
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

धार उतरवली. मग बोथट तलवार हातात घेऊन गच्चीवर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, की कानस आमच्या घरी अजून आहे. तुम्ही तलवार सकाळी दिली तर ते दुपारपर्यंत पुन्हा घासतील.

म्हणून मी ती कंपनीतल्या प्रेसखाली धरली. आधी मुठीजवळ वाकली, मग तुटली. एवढ्या वजनाच्या लोखंडाकडून इतका हलका आवाज यावा याची कीव आली. तुकडे भंगाराच्या पेटीत टाकले. मूठ मात्र ठेवली होती, तीही नंतर टाकली, कारण ती कवटी खोलीत मला बघवेना.

मंडळाला सांगा, टेम्पोत हरवली. कानिफनाथशी मी बोललो आहे. तो म्हणाला, मामांनी विचारलं तर सांगीन, फुकट सांगतोय हे लक्षात ठेव.

तिच्या बदल्यात प्लायवूडची पाठवत आहे. पॅकिंग विभागातल्या फळीतून कापली. लांबी तीच, एकाहत्तर. वजन चारशे दहा ग्रॅम. सगळ्या कडा मी काचकागदाने गोल केल्या आहेत आणि स्वतःच्या गालावर, मानेवर व पापणीवर फिरवून पाहिल्या आहेत. ॲल्युमिनियम रंगाचे दोन हात दिले आहेत. कवटी रंगवली आहे, तिला नाक नाही आणि दोन्हीकडे दात सहा. दिसायला ही त्या तलवारीपेक्षा चांगली आहे. हिने कोणाला काही होणार नाही, यापेक्षा तलवारीकडून जास्त मागायचं नसतं.

मला सुट्टी मिळणार नाही. मागितलीही नाही.

इमॅन्युएल


मिशन वस्ती
२४ फेब्रुवारी २०२५

इमॅन्युएल,

नाटक काल झालं. कसं झालं ते आता क्रमाने लिहितो. अध्येमध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करण्याची हिंमत होणार नाही.

आधी माझी चूक. शनिवारी मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. फिलोमिना माझी बहीण आहे, आणि मला झोप येत नव्हती. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती शपथ माझ्या घरापासून तुमच्या घरापर्यंत टिकली. तिने तुझ्या वडिलांना विचारलं. ते जेवून उठले, म्हशींना पाणी दाखवलं.

रविवारी चारला लोक भरले. छगनची भावकीही आली होती, उजवीकडे, नेहमीप्रमाणे. रस्त्याच्या कडेला ऊसतोडीची टोळी थांबली होती, तीही येऊन मागे उभी राहिली. सगळं ठीक चाललं होतं. शेवटचा प्रवेश आला. कप्तान गुडघ्यांवर बसला, हात मागे. मी तुझी प्लायवूडची तलवार चाच्याच्या हातात दिली.

अब्राहामने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. दात मोजले की काय कोण जाणे. मग ट्रॉलीवरून खाली उतरला, पहिल्या रांगेत बसलेल्या तुझ्या आईच्या मांडीवर ती ठेवली आणि म्हणाला, “हे पोराचं खेळणं. संभाळून ठेव, त्याला लागंल.” लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकात आहे. तिथून तो सरळ मागे चालत गेला, ऊसतोडीच्या एका गड्याच्या हातातून कोयता घेतला आणि परत वर चढला.

कोयता पाहिलेल्यांना सांगायला नको. सकाळपासून त्याने ऊस तोडला होता. पात्यावर रसाचा चिकटा होता आणि धार पांढरी दिसत होती.

मग कोणी हसलं नाही. छगनचे दोन पुतणे उठले. छगनने मान न वळवता हाताने त्यांना खाली बसवलं. खरं तर हात बांधलेले असायला हवे होते, पण नाटक तिथे संपलंच होतं. माझ्या तोंडात तुझी पत्रं आली होती, बोललो असतो तर तीच बाहेर पडली असती.

अब्राहामने कोयता उगारला. आणि म्हणाला, “हलू नको, छगन.”

हे वाक्य नाटकात नाही.

छगन म्हणाला, “मी कशाला हलू? तू तुझा हात बघ.”

“हात हाय जागंवर.”

“मग आन खाली. गुडघं दुखायलेत.”

नोव्हेंबरानंतर दोघे एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते हे. कोयता खाली आला. सावकाश नाही, उसावर येतो तसा. छगनच्या मानेवर एक माशी बसली होती. ती उडाली. कोयता तिथेच थांबला. मी जिथे होतो तिथून पातं आणि मान यांच्यामध्ये उजेड दिसत नव्हता. छगनने डोळे मिटले नाहीत. तो समोर ताडपत्रीकडे बघत होता आणि तिची एक दोरी सैल झाली आहे असं काहीतरी त्याच्या मनात चाललेलं मला दिसलं.

मग तुझे वडील म्हणाले, “जा कप्तान, समुद्रानं तुला सोडलं, मीबी सोडलं.” हे नाटकातलं. छगनने पुढचं वाक्य म्हटलं, तेही नाटकातलं. कोयता गड्याला परत गेला. दोघांची तोंडं दोन दिशांना, रोजच्यासारखी.

काल संध्याकाळी मी कपाट उघडलं आणि तुझं पत्र जाळलं. माझं अकरा तारखेचं पत्र तू जाळ. ते तुझ्या पत्रापेक्षा वाईट आहे. तू निदान बापाला दुरून पाहत होतास, मी समोर बसून पाहत होतो आणि तरी तुझा कागद खरा धरला. आपण दोघे फार हुशार माणसं आहोत, इमॅन्युएल. आपल्यासारख्यांपासून देव या वस्तीला वाचवो.

तुझ्या वडिलांना पत्र लिही. मी मध्ये पडणार नाही.

बेंजामिन


मिशन वस्ती
२७ फेब्रुवारी २०२५

इमॅन्युएल,

मी हेलन लिहितेय. पण बहीण म्हणून नाही, शब्द पप्पांचे आहेत. जसं बोलतात तसंच लिही म्हणाले, सुधारायचं नाही. मी सुधारलं नाही.

तुजं पत्र आलं. चार पानं माफी. मी दीड पान ऐकलं, मंग हेलनला म्हनलं, बास.

आता तू ऐक. ती तलवार आली तवा तिची कड मधल्या एका जागी कापलेल्या पत्र्यावानी हुती. बारीक बारीक कुसळं. तुझ्या सायबानं ती बुटानं सारली आसती. पयल्या तालमीला मी ती छगनच्या मानंवर टेकवली, हात माझा जागंवर हुता, तरी त्या कुसळानं त्याला ओरबाडलं. लाल रेघ उठली. त्यो बोलला न्हाई. आमचं बोलनंच न्हाई तर बोलंल कसा. रुमाल लावला आन घरी गेला. मी बघितलं.

मंग मी गोठ्यात बसून कानस मारली. जेवढी कड मानंवर येती तेवढीच. कुसळ गेलं, धार आली. धार आली तर आली. मला कानस एकाच रीतीनं धरता येती, इळा घासायची रीत. तू म्हनशील, बोथट करायची हुती. तू पट्ट्या मोजतोस, हत्यार कदी धरलं न्हाईस. बोथट हत्यार घसरतं, खरखरीत हत्यार ओरबाडतं, आन धारंचं हत्यार जिथं थांबवू तिथं थांबतं, कारन धारंला मानूस भितो आन सांभाळून धरतो. पंचवीस वरीस ऊस तोडलाय, टोळीत ज्यांची बोटं गेली त्यांची बोथट कोयत्यानं गेली.

मान उतरवतो म्हनलो हुतो. व्हय, म्हनलो. पान्याचं भांडन हाय तसंच हाय, आन पुढच्या पाळीला त्यानं दारं फिरवलं तर परत म्हनीन. पन त्ये चारीवर. गलबतावर त्यो कप्तान हाय.

तू कागद कापून बघितला. काटा लावला. दात मोजले. पापनीवर लाकूड फिरवून बघितलं, आसं तुझा मामा सांगतो. समदं तपासलं. मला इचारलं न्हाईस. फोन हाय, स्पीकरवर आसंना का. पप्पा, ही धार कशाला काढली, एवढं इचारायला किती पैसं पडले आसते. तुला वाटलं, बाप मारनारच हाय, आता फकस्त जागा मोजायची ऱ्हायली. आनि म्हनं तुजा कागद मला हवा हुता. मी म्हनलं पोराला कळतं म्हनून पाठवली हुती. कळत न्हाई.

मला आता साठावं लागलंय. खांदा दुखतो. फुडच्या वर्साला चाचा तू. सुट्टी मिळत न्हाई हे सांगू नको, नोकरी सोड न्हाईतर सायबाच्या पाया पड. आपल्या घरातनंच चाचा लागतो, आन दुसरा पोरगा मला न्हाई. तलवार कंची आनायची ती आन, पितळंची आन, लाकडाची आन, नाकाची आन. धार तू काढायची. गोठ्यात बसून, माझ्यासमोर. आन मंग साऱ्या वस्तीसमोर ती मानंवर आनायची आन थांबवायची.

छगनकडं सोता गेलो, काल सांजच्याला. दारातच उबा ऱ्हायलो, त्यानं बस म्हनलं न्हाई, मीबी बसलो न्हाई. सांगितलं, फुडच्या वर्साला माझा पोरगा हाय. बाप तुला मारनार म्हनून ज्यानं कागद लिवला त्योच.

त्यानं मानंवरनं हात फिरवला. मंग म्हनला, गुडघ्यावर बसतो.